मी कापलेलं कडवं

गाणं किती लांब असावं याबद्दल माझी मतं कॉलेजपासून ठाम होती. काही गाणी मला फार लवकर संपल्यासारखी वाटायची. ऐन रंगात यायची आणि बंद पडायची. काही उगाच ताणलेली वाटायची, म्हणजे मुखडा छान, पहिलं कडवं छान, आणि मग नुसतं पाणी. पुढे लॅपटॉप घेतला तेव्हा गाणी कापायचं आणि जोडायचं एक सॉफ्टवेअर हाताला लागलं. मग आवडत्या आखूड गाण्यातला म्युझिकचा तुकडा दोनदा जोडून ते लांब करायचं, लांबलेल्या गाण्याचं शेपूट छाटायचं, हा माझा रविवारचा उद्योग होऊन बसला. नोकरी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये. दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांची मापं बघायची. बायको म्हणायची, तू घरी येऊनही तेच करतोस.

आमची सोसायटी कोपरखैरण्यात. दर वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी कार्यक्रम. डान्सचे ट्रॅक तयार करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. लोक पेनड्राइव्ह किंवा यूट्यूबची लिंक द्यायचे, मी हवं तेवढं कापून द्यायचो. कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं, हे खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी सेक्रेटरींनी बजावलं, प्रत्येक आयटम जास्तीत जास्त चार मिनिटं. मागच्या वर्षी कार्यक्रम फार लांबला होता आणि शेवटी खुर्च्यांवर कुणी उरलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावरचे काका डिसेंबरच्या शेवटी माझ्या दाराशी आले. ते मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस-बत्तीस वर्षं माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहून रिटायर झालेले. घरात मुलगा, सून आणि काकू. काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून त्या खाली कंपाउंडमध्ये दिसल्याच नव्हत्या. बोलताना तोंड वाकडं होतं म्हणून लोकांसमोर यायला लाजतात, असं सुनेने माझ्या बायकोला सांगितलं होतं.

काकांना डान्स करायचा होता. मला हसू आलं, पण मी ते दाबलं. त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं. नव्वदीतल्या एका अल्बमचं गाणं, एके काळी ट्रक-टेम्पोत सर्रास वाजायचं. त्यांनी सांगितलं की लग्नानंतर काकूंना गावाहून इकडे आणलं ते कांद्याच्या ट्रकमधून, आणि ड्रायव्हरकडे ही एकच कॅसेट होती. घाट उतरून मार्केटात पोहोचेपर्यंत तीच वाजत होती. काकूंचं ते गाणं तेव्हाच पाठ झालं.

मला ते गाणं माहीत होतं आणि आवडतही होतं, पण माझ्या ‘फार लांब’च्या यादीत ते वरच्या नंबरावर होतं. सव्वासहा मिनिटं. दोन कडवी झाली की मिनिटभर नुसतं वाजत राहायचं आणि मग तिसरं कडवं. मी काकांना म्हटलं, चार मिनिटांत बसवावं लागेल.

ते म्हणाले, “सुरवातीचं काय बी कापा. शेवटच्या कडव्याला मातर हात लावू नका. त्याच्यात काम हाय.”

काय काम, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. “नाही लावत काका, काळजी करू नका,” असं मी बोललो. अगदी याच शब्दांत बोललो, म्हणून ते मला आठवतात.

कापायला बसलो त्या दिवशी मुलीचंही गाणं समोर होतं. ती तेव्हा पाचवीत. तिच्या ग्रुपमध्ये पाच मुली, आणि त्यांचं गाणं नवं, जेमतेम अडीच मिनिटांचं. मला ते फारच तोकडं वाटलं. सुरू झालं म्हणेपर्यंत संपणार, मुलींची तयारी दिसणार कधी? मी मधला म्युझिकचा तुकडा दोनदा जोडला, मुखडा परत घेतला आणि ते पाच मिनिटांच्या जवळ नेलं. चार मिनिटांचा नियम तेव्हा मला आठवला नाही असं मी म्हणू शकतो, पण तो आठवला होता. मग काकांचं गाणं घेतलं. पहिली दोन कडवी इतकी सुंदर की त्यातलं काही कापवेना. दुसरं कडवं संपून म्युझिक सुरू होतं तिथे मी गाणं हळूहळू उतरवलं आणि शेवटचा ठोका आणून चिकटवला. बरोबर तीन मिनिटं पन्नास सेकंद. ऐकून बघितलं, कुठे कापलंय ते कळतही नव्हतं. मी स्वतःवर खूश झालो. काकांना काय कळणार, असा विचार मनात आला होता का? आला होता.

सव्वीसच्या संध्याकाळी मी स्टेजच्या बाजूला साऊंडवाल्याजवळ बसलो होतो. तो तळोज्याजवळच्या नावड्याचा, पस्तिशीचा. त्या दिवशी मदतीला बायकोलाही घेऊन आला होता. ती मागे बसून वायरींची भेंडोळी करत होती. काका स्टेजवर आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, कमरेला लाल उपरणं बांधलेलं. नाच म्हणजे दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, पण ताल पक्का होता. पब्लिकने शिट्ट्या मारायला सुरुवात केली. दुसरं कडवं संपत आलं तसे ते सरकत सरकत कनातीकडे गेले आणि त्यांनी आत हात पुढे केला.

मी बसलो होतो तिथून कनातीमागचं दिसत होतं. तिथे काकू उभ्या होत्या. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. वॉकर सुनेने बाजूला धरला होता. काकूंनी एक पाय उचलून पुढे टाकला होता आणि दुसरा टाकायच्या तयारीत त्या काकांच्या हाताकडे बघत होत्या.

तेवढ्यात मी चिकटवलेला शेवटचा ठोका वाजला आणि गाणं संपलं.

टाळ्या पडल्या. निवेदन करणाऱ्या बाईंनी लगेच पुढच्या आयटमचं नाव घेतलं. माझ्याच मुलीच्या ग्रुपचं. काकांचा हात तसाच पुढे होता. ते एकदा स्पीकरकडे आणि एकदा काकूंकडे बघत होते. मग त्यांनी हात मागे घेतला, लोकांना नमस्कार केला आणि ते उतरले. समोर बसलेल्या कुणालाही काकू दिसल्या नाहीत. काकू मात्र तशाच उभ्या होत्या. सून त्यांना वॉकर देऊ बघत होती आणि त्या तो घेत नव्हत्या.

मिनिटभरातच सून आमच्याकडे आली. गाणं अर्धंच का लावलं, असं तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. मागोमाग सेक्रेटरीही आले. तिने सांगितलं, शेवटच्या कडव्यात बाईचा आवाज येतो, तिथे आईंची एंट्री होती. दोन महिने फिजिओथेरपीवाल्या बाईंबरोबर, त्यांच्याच फोनवर गाणं लावून, चार पावलांची प्रॅक्टिस चालू होती. सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

माझ्या तोंडून निघालं, “ऑपरेटरने चुकीची फाईल लावली असेल.”

साऊंडवाल्याने माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “पेनड्राइव्हमधी त्या गान्याची एकच फाईल हाय.” मी आयटमच्या यादीत डोकं घातलं. सेक्रेटरी त्याच्यावर घसरले. एवढं साधं काम जमत नाही, कशाला घेता ऑर्डरी, पुढच्या वेळी दुसरा माणूस बघू. त्याची बायको वायर हातात तशीच धरून ऐकत होती. त्याने मुलींचं गाणं लावलं. ते पाच मिनिटं चाललं.

घरी मुलगी रुसून बसली होती. बाबा, तू गाणं का वाढवलंस, त्याच त्याच स्टेप्स परत कराव्या लागल्या, आणि पुढच्या रांगेतली मुलं हसत होती, असं ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, पण डोक्यात काकूंचा तो उचललेला पाय होता.

त्यानंतर मी जिन्याने जायचं सोडलं. आमचा मजला तिसरा, लिफ्टची कधी सवय नव्हती. आता लिफ्ट खाली येईपर्यंत उभा राहायचो, कारण जिन्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडं असायचं. मी टाळत होतो, तर काकाच घरी आले. गावाकडच्या शेंगा घेऊन. मी एवढी मेहनत घेतली आणि त्या माणसाने घोटाळा केला, याचं त्यांनाच वाईट वाटत होतं. “तुमी तरी काय करणार,” असं म्हणाले. काकूंना ते गाणं मोबाईलवर पुरं ऐकायचं होतं, ते द्याल का म्हणून विचारलं. मी त्यांच्या फोनवर पाठवलं. शेंगा डायनिंग टेबलवर होत्या. तेव्हाही मी सांगू शकलो असतो. मी चहा विचारला.

त्या रविवारी मी हेडफोन लावून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. त्याला फार लांब म्हणणारा मी, पण तिसरं कडवं नीट ऐकायची ही पहिलीच वेळ. दर वेळी म्युझिक लागलं की मी पुढच्या गाण्यावर जायचो. इतका वेळ पुरुषाचाच आवाज असतो. मग ते मिनिटभराचं वाजणं, आणि त्यातून बाई गायला लागते. ते मिनिट काकूंना चालत यायला होतं.

होळी होऊन गेल्यावर मी पहिल्या मजल्यावर गेलो. बायकोला आधी सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली की मी बरोबर येणार नाही, एकटा जा. काका टीव्ही बघत होते, काकू खिडकीशी खुर्चीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गाणं मी कापलं, मुद्दाम कापलं, मला ते लांब वाटत होतं म्हणून कापलं. मुलीचं वाढवलं तेही सांगितलं. साऊंडवाल्याची काही चूक नव्हती.

काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “मी तुमास्नी सांगितलं हुतं.”

काकू बोलल्या. शब्द जड येत होते, पण प्रत्येक शब्द कळत होता. “त्या मानसाला सांगितलं का?”

मी म्हटलं, नाही, आधी तुमच्याकडे आलो.

“आदी त्येला सांगा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

मी पुढच्या सुट्टीला नावड्याला गेलो. त्याचं दुकान म्हणजे एक गाळा, छतापर्यंत स्पीकरचे खोके रचलेले. त्याने खुर्ची पुसून दिली. मी बोलायला लागलो तर त्याने मध्येच थांबवलं. “मना म्हाईत हाय. फाईल तुमचीच होती.” मग तेव्हा का नाही बोललात, असं मी विचारलं. विचारताना माझीच मला लाज वाटली. तो म्हणाला, सोसायटीवाल्यांशी भांडलो तर बाकीच्या सोसायट्यांत बोभाटा होतो, कामं जातात. सेक्रेटरी बोलले त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. “पन बायको समोर होती. घरी जाऊन बोलली, तुजी चुकी नव्हती तर ऐकून का घेतलंस? तिला काय सांगू मी?”

मी म्हटलं, मी तुमच्या घरी येऊन त्यांनाही सांगतो. तो म्हणाला, नको, उगाच. थोडा विचार करून म्हणाला, तुमच्या ग्रुपवर टाका, ज्यांच्यासमोर बोलले त्यांनाच कळू द्या.

त्याच दिवशी मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा लिहून पुसलं, कारण प्रत्येक वेळी त्यात वेळेच्या नियमाचा उल्लेख येत होता. शेवटी तो काढला. अठ्ठेचाळीस फ्लॅटचा ग्रुप. अकरा अंगठे आले, सेक्रेटरींचे जोडलेले हात आले. एका बाईंनी लगेच खाली विचारलं की भाचीच्या हळदीसाठी दोन गाणी जोडून द्याल का. मी माझा कबुलीचा मेसेज साऊंडवाल्याला पाठवला. त्याने वाचला, उत्तर दिलं नाही. गणपतीला मात्र सेक्रेटरींनी त्यालाच बोलावलं.

त्याच गणपतीत मी काकूंना विचारायला गेलो. आता कार्यक्रम आहे, पुरं गाणं लावू, कितीही मिनिटांचं असो. काका तयार दिसत होते. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली.

“एकदाच धीर झाला हुता,” त्या म्हणाल्या. “आता न्हाय.”

मी पुन्हा म्हणणार होतो, पण सुनेने डोळ्यांनी नको म्हटलं. तिने मला आरतीचा प्रसाद दिला, मी तो हातात घेऊन जिन्याने वर आलो. काका माझ्याशी पुढे बरेच महिने कामापुरतंच बोलत राहिले. परवा लिफ्टमध्ये भेटले तेव्हा मुलीची परीक्षा कशी गेली म्हणून विचारलं. बरी गेली, मी म्हटलं. त्यांचा मजला आला आणि ते उतरले.