लोर्ना लोर्नासारखी दिसत नाही

एखाद्या बाईला, ‘तुम्ही स्वतःसारख्या दिसत नाही’ म्हणून परत पाठवतात, हे मी या कानांनी ऐकलंय. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

लोर्ना पेत्रुक आणि मी व्हँकूव्हरच्या आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करतो. तिचा हात भराभर चालतो, तोंड मात्र बंद. तिचा एकुलता एक मुलगा डॅनिलो इमारतीच्या परांचीवरून पडून गेला, त्या दिवसापासून तिच्या सासूने, स्टेफानियाने, तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच टेबलाला सून पाऱ्या लाटणार, सासू बटाटा भरणार, पण अवाक्षर नाही. का, तर इस्पितळातून ती बातमी घेऊन लोर्ना सासूच्या दारात आली ती ओठ रंगवून. लेकाचं अंग गार झालं नव्हतं आणि हिला नटायचं सुचलं, असं म्हातारी चारचौघांत ऐकवायची. लोर्ना ऐकून घ्यायची.

त्या फोटोच्या कामाला तिला मीच ओढून नेलं. सिनेमावाल्यांच्या गर्दीत उभं राहायची कामं आमच्या निम्म्या गावाने केलीत. हा हॅलडेन मात्र फोटोग्राफर, त्याला एकच फोटो काढायचा होता, आणि तेवढ्यासाठी त्याने गोदामात हेस्टिंग्ज स्ट्रीटचा तुकडा उभारला होता: जुन्या सामानाचं दुकान, फुटपाथवर मांडलेला आरसा. त्याला पन्नाशीची बाई हवी होती. दोन वर्षांपूर्वी बसमधून त्याला खऱ्या हेस्टिंग्जवर एक बाई दिसली होती म्हणे. हिरवा कोट, आरशात बघून लिपस्टिक लावतेय, आणि हात इतका थरथरतोय की दुसऱ्या हाताने मनगट धरलंय. तेव्हा फोटो हुकला, आता तो खोटा उभा करून काढायचा.

लोर्ना पांढरीफटक पडली.

“ती मी,” ती म्हणाली. “सासूबाईंना सांगायला निघाले होते. रडून सुजलेलं तसंच तोंड घेऊन गेले असते तर दारातच त्यांनी हाय खाल्ली असती. म्हणून.”

दोन वर्षं टोमणे खाल्ले बाईने, आणि हे पोटात ठेवलं! सांगायचंस की गं, म्हटलं, तर म्हणे कुणाला पटलं असतं?

हॅलडेनही हादरला. त्याने तिची माफी मागितली, रीतसर परवानगी मागितली, आणि मग तिलाच आरशासमोर उभं केलं. लोर्नाने लिपस्टिक लावली. हात स्थिर. त्याने पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, “माफ करा, पण तुम्ही खऱ्या वाटत नाही.”

मग एक नटी आणली. त्या बयेने पहिल्याच खेपेला असं काही मनगट धरलं की, खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं.

वसंतात तो फोटो म्युझियममध्ये लागला, भिंतभर, मागून दिवे लावलेला. लोर्ना हट्टालाच पेटली. सासूबाईंना हा दाखवायचाच, मग बोलोत की न बोलोत. म्हातारीला काय थापा मारून तिथवर नेलं ते मला विचारू नका.

स्टेफानिया काठी टेकून फोटोसमोर उभी राहिली. लोर्नाने हळू आवाजात सगळं सांगितलं: ही मी, तुमच्याकडे निघालेली, आणि लिपस्टिक कशासाठी तेही. म्हातारी नटीच्या मनगटाकडे बघत राहिली. डोळे भरून वाहू लागले. तिने फोटोवर हात ठेवला, पहारेकरी हटकायला आला तरी काढेना.

“पोरी, किती गं सोसलंस,” ती म्हणाली. फोटोला.

“आई, मी इकडे आहे,” लोर्ना म्हणाली.

म्हातारीने वळून तिला नीट न्याहाळलं. मग पुन्हा फोटोकडे बघितलं.

“पण माझ्या दारात आलीस तेव्हा तुझा चेहरा असा नव्हता,” ती म्हणाली.

दोन-अडीच वर्षांनी सासू सुनेशी बोलली, ती एवढंच.