आतून कडी

मुलींच्या होस्टेलची रेक्टर झालं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. त्यात रिपेअरिंग निघालं की विचारूच नका!

आमचं केज तालुक्यातलं होस्टेल जुनं. छत गळकं, बाथरूम दोनच. निम्म्या मुली सोडून गेल्या, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष आप्पा म्हणाले, "दुरुस्त करू. पन जूनअखेर सगळ्या कॉट भरल्या न्हाईत, तर तिथं खताचं गोदाम!"

माझी झोपच उडाली.

* * *

काय काय हवं ते लिहा म्हणून मुलींपुढे कागद ठेवला. मला वाटलं, वायफाय मागतील. पहिल्याच ओळीत होतं, "दाराला आतून कडी."

आमच्या खोल्यांना कडी बाहेरून. रोज रात्री आठला ती लावायची, हा रिवाज. सहा वर्षं मीच लावत होते. लाज वाटली हो!

* * *

इलेक्ट्रिशियन खोलीला एकच प्लग देत होता. एक मुलगी म्हणाली, "काका, चौघींचे चार मोबाईल. भांडनं सोडवायला रोज येता का?"

त्यानं पाच बसवले. पाचवा कशाला, म्हटलं.

"असू द्या म्याडम. चार असले तरी भांडतेतच!"

* * *

स्वयंपाकाच्या कौसामावशींचा जन्म खाली बसून भाकरी थापण्यात गेला. त्यांच्यासाठी हौसेनं उंच ओटा केला. दुसऱ्या दिवशी बघते तर परात, शेगडी आणि मावशी, तिघी ओट्यावर!

"लई झ्याक केलाय बाई. बसायला ऐसपैस हाय!"

* * *

चौसाळ्याचे सुतार बबनराव. हजारदा बजावूनही सगळ्या कड्या बाहेरूनच ठोकल्या.

"पोरींचं होस्टेल म्हनलं की हात भायरूनच चालतो, म्याडम!"

सगळ्या काढायला लावल्या. तेवढ्यात आप्पा आले. "आतून कडी लावून पोरी काय करतील?"

ओट्यावरून मावशी म्हणाल्या, "झोपतील!"



* * *

जूनचा शेवटचा दिवस. एकच कॉट रिकामी. दुपारी कडा गावाकडचे एक मेंढपाळ अकरावीतल्या लेकीला, रेणुकाला घेऊन आले. प्लग, बाथरूम, ओटा सगळं दाखवलं. त्यांचं कशातच लक्ष नाही. म्हटलं, गेली ही मुलगी, आलं गोदाम!

खोलीच्या दाराशी मात्र ते थांबले. कडी दोनदा सरकवून पाहिली. रेणुकाला म्हणाले, "आत जा. कडी लाव."

तिनं लावली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अंगातलं सगळं बळ लावून. दार हललं नाही.

"रेनुके, उघड."

"न्हाई उघडत!" आतून हसण्याचा आवाज.

"आगं, तुझा बाप हाय!"

"तरी न्हाई!"

त्यांनी फेट्याच्या शेवानं घाम पुसला, काठी उचलली आणि माझ्याकडे वळले.

"लिवा हिचं नाव."