सागिनालीचं शोकगीत

नवऱ्याला माती देऊन आठवडा उलटला नव्हता, तोच धाकट्या दिरानं, सागिनालीनं, त्याच्या सगळ्या घोड्या आपल्या कळपात हाकून नेल्या. वर गावभर सांगितलं, वहिनी एकटी बाई, ती काय सांभाळणार. बुरमाकाननं तेव्हाच ठरवलं, या माणसाचं शोकगीत आपणच गायचं. नारिनच्या खोऱ्यात कुणी गेलं की बायका लोकरी तंबूत बसून मेलेल्याचं आयुष्य गातात, आणि गाणारीला मध्येच थांबवायची कुणाची छाती होत नाही. बुरमाकानसारखी गाणारी तर पंचक्रोशीत नव्हती. त्याची चोरी ती त्याच्याच मढ्यापाशी, एकेका घोडीचं नाव घेऊन गाणार होती.

अडचण एवढीच, की आधी त्यानं मरायला हवं होतं, आणि मरायला टेकली होती ती. रागापायी झोप उडालेली, पोटात काळा चहा आणि शिळी रोटी, दिवसभर चुलीशी दातओठ खात बसायचं. दर हिवाळ्यात छाती भरायची, ओठांवर फोड यायचे.

दवाखान्यातल्या चोलपोन डॉक्टरीणबाईंनी तिला फैलावर घेतलं. "आपा, रोगाशी लढणारी फौज तुमच्या अंगातच आहे. तिला तुम्ही उपाशी ठेवता, बसवून ठेवता, वर रात्रभर जागवता. ती लढणार कशाच्या जोरावर? हा राग सोडा आता."

राग सोडणं शक्य नव्हतं. बाकीचं तिनं निमूट ऐकलं. मटणाचा रस्सा, दही, गाजरं, जर्दाळू पोटात जाऊ लागले. सुडाचं गाणं जुळत गेलं तशी झोपही लागू लागली. रोज सकाळी ती टेकडीपर्यंत चालायची, वाट मात्र मुद्दाम सागिनालीच्या फाटकावरून. जाताना तीच चाल गुणगुणायची. खोकला हिवाळ्यागणिक कमी होत गेला.

सागिनालीला ती चाल बरोबर कळली. आता त्याची झोप उडाली, जेवण तुटलं, व्होडका वाढली. तो घराबाहेर पडेना. हिवाळाभर अंथरुणाला खिळून राहिला. वसंतात एका सकाळी फाटकाला धरून कसाबसा उभा राहिला, खोकून खोकून बेजार.

"वहिनी, घोड्या परत ने. पण ते गाणं नको गं."

"घोड्या राहू देत तुझ्याकडे," ती म्हणाली. "मला त्यांची नावं पाठ आहेत. आणि जप रे स्वतःला, हा खोकला बरा नव्हे."

मग ती टेकडी चढू लागली. तिला जराही धाप लागली नाही.