लहानीची लाथ

खरं सांगते, मी माह्या लहान बहिणीवर जळते. लहानपणापासून जळते, आणि आता फिजिओथेरपीची डिग्री घेऊन गावात आली तरी जळूनच राहिली आहे.

कारण एकच. ती पायाळू आहे. म्हणजे जन्माले येताना तिचं डोकं नाही, पाय आधी आले. आमच्या आसगावात कोणाच्या कमरेत चमक भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. लाथ म्हणजे मारत नाही कोणी. दुखऱ्या जागेवर डाव्या पायाचा अंगठा टेकवायचा आणि खाली ओढायचा, तीन वेळा. झालं. त्याच्यासाठी ना हाडाईची नावं पाठ करा लागत, ना होस्टेलचं पाण्यासारखं वरण खा लागत. फक्त उलटं जन्माले या लागते. मी सरळ आली. माहं नशीब.

ती चार वर्षांची होती तेव्हापासून लोक आमच्या ओट्यावर पालथे पडतात. ती काही खात असली तं खातखातच अंगठा ओढायची. मग मोठ्या माणसाले पाय लागला म्हणून त्याच्याच पाया पडायची, आणि तो माणूस तिच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा. मी सात वर्षांची, दारात उभी राहून पुडा पाहायची. एकदा ती झोपली होती तं मीच एका काकाजीच्या पाठीले गुपचूप पाय लावला. त्याईनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "तू नोको बाई, तू डोक्याची." मले वाटते तिथंच माही डिग्री सुरू झाली.

बाबा तं विहारात अंधश्रद्धेवर बोलणारे. पण मागच्या हिवाळ्यात त्यांची मान धरली, तं टीव्ही पाहता पाहता हळूच लहानीकडं पाठ करून बसले. तिनं पाय वर केला.

तं मी नागपूरले साडेचार वर्ष शिकली, वर सहा महिने एका दवाखान्यात राबली, आणि यंदा उन्हाळ्यात घरी येऊन समोरच्या खोलीत टेबल टाकलं. मस्त टेबल, निळ्या रेक्झिनचं. भिंतीवर मणक्याचा मोठा फोटो. दोन महिन्यांत चार जण आले, त्यातले दोघं टेबलच पाहाले आले होते. मी ठरवलं होतं, पहिले मायले या टेबलावर झोपवायचं. घरचीच बाई झोपत नाही तं बाहेरचं कोण कायले येईन? आणि गाव सोडा, मलेच पाहिजे होतं. मायनं एकदा माह्या हाताखाली यावं, बस.

मायची कंबर दर रोवण्यात, म्हणजे धानाची रोपं लावताना, धरते. धरणारच. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे खुपसायचे म्हणजे कमरेचं काय होईन? मी तिले सांगतलं होतं, अर्ध्या अर्ध्या तासानं उभी राहा, कमरेवर हात ठेव, पाच वेळा मागं वाक. ती म्हणे ओळ सोडून मीच एकटी उभी राहू का, बाया हासतीन.

आणि यंदा रोवण्याच्या चौथ्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, शेजारच्या काकी तिले धरून घेऊन आल्या. माय कमरेतून वाकलेली ती वाकलेलीच. मले पहिले आनंद झाला. लाज वाटते लिहाले, पण झाला. पटकन टेबलावर धुतलेली चादर टाकली. पाय बधीर आहेत का, मुंग्या येऊन राहिल्या का, लघवीवर ताबा आहे ना, हे सगळं विचारलं, कारण त्यातलं काही असलं तं सरळ मोठ्या दवाखान्यात न्या लागते. माय काकीकडं पाहून म्हणाली, "लोकाईसमोर मायले असं विचारते का वं?"

तसलं काही नव्हतं. नुसते स्नायू आखडले होते. म्हणलं कुशीवर झोप, गुडघे पोटाशी घे, मी हातानं मोकळं करते, वीस मिनिटं. तिनं विचारलं, लहानी कवा येते. लहानी पवनीले कॉलेजात, तिची बस तीनले. माय म्हणाली, थांबतो मंग.

चार घंटे! टेबल तिच्यापासून दोन हातावर, आणि ती चौकट धरून उभी. शेवटी काकीच बोलल्या, "पोट्टी शिकून आली, हात तं लावू दे तिले."

"शिकून आली म्हणूनच भेव वाटते," माय म्हणाली. "काही सरकवलं तं माहा रोवणा जाईन. लहानीचा पाय पाहिलेला हाय."

मी दात खाऊन एवढंच म्हणलं, की एका जागी उभी नोको राहू, चाल. तं कंटाळून चालली बिचारी, दारापासून विहिरीपर्यंत, पुन्हा दारापर्यंत. मधी मी गरम पाण्याची पिशवी दिली, ती तिनं कमरेले बांधली. तेवढं चाललं तिले.

लहानी आली. एका कानात इअरफोन, हातात फोन. चप्पल काढली. जी माय माह्या टेबलावर झोपू शकत नव्हती ती ओट्यावर पालथी झाली. एक, दोन, तीन. लहानी तिच्या पाया पडली. माय उठली, बऱ्यापैकी सरळ उठली, आणि काकी माह्याकडं पाहून म्हणाल्या, पाहा.

मले ओरडून सांगायचं होतं की चार घंटे चालली, शेकलं, आखडलेला स्नायू सुटणारच होता, अशी चमक बहुतेक आपोआपच निघते. कोण ऐकते?

लहानी मागं नळावर पाय धूत होती. मी तिथं जाऊन तिले काय काय बोलली ते लिहीत नाही. ती दुसरा पाय नळाखाली धरत म्हणाली, "मी काय करू ताई? लोक झोपतात, मी पाय लावतो. तुले काय पाहिजे, मायनं तुह्या टेबलावर झोपावं का तुहं ऐकावं?"

मी म्हणलं, दोन्ही.

"दोन्ही नाही भेटत."

दुसऱ्या दिवशी माय बांधीत निघाली होती. लहानी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "माय, लाथ तीनच दिवस टिकते. ताई दाखवते ते रोज दहा वेळा केलं नाही तं उतरते. आणि बांधीत मधी मधी उभं राहा लागते."

हा नियम तिनं तिथंच, त्या क्षणी बनवला. पायाळूच्या लाथेले असा काही नियम कोणी ऐकला नव्हता. पण माय लगेच म्हणाली, आधी काहून नाही सांगतलं, आणि खाली चटई टाकून बसली. माह्या साडेचार वर्षाचा अभ्यास लहानीच्या अंगठ्याले शेपटीसारखा लागला. काकी सांगत होत्या की आता बांधीत सगळी ओळच मधी उभी राहून मागं वाकते, लाथ घेतलेल्या बाया आणि न घेतलेल्याही. कोणी हासत नाही. मी किती वेळा सांगतलं होतं हेच.

काल सकाळी माय चटईवर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलत होती. मी तिचे गुडघे सरळ धरून मोजत होती. काकी आल्या, विचारलं हे कोणं शिकवलं. माय म्हणाली, "लहानीनं."

"माय, मी शिकवलं."

"तू करून घेऊन राहिली. सांगतलं तिनं." तिनं कंबर खाली टेकवली, दम घेतला. "तिचं तीन दिवस टिकते. तुहं किती दिवस टिकते?"

"रोज केलं तं टिकते."

"रोज?"

"रोज."

"मंग तिचंच सोपं हाय," माय म्हणाली, आणि कंबर पुन्हा उचलली.

मी म्हणलं, आठ.