रोडावत गेलेला प्रबंध

माझ्या बहिणीच्या मुलाला घरात सगळे पूर्णविराम म्हणतात. स्वतः कमी बोलतो हे ठीक, पण त्याला दुसऱ्याचं बोलणंही जास्त वाटतं. एकदा मी त्याला माझ्या प्रवासाची हकीकत अगदी रंगवून सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गाडी चुकली." तेवढंच झालं होतं म्हणा, पण म्हणून काय असं सांगायचं?

अशा माणसाने पीएचडी करू नये. यानं करायला घेतली. विषय काय, तर माणसं रांगेत का उभी राहतात. मग हा बँकेत, दवाखान्यात, तिकीट खिडकीपाशी, दिसेल त्या रांगेत उभा. खिडकीपाशी पोचला की परत मागे जायचा. पहिला खर्डा एवढा जाडजूड झाला की उशाला घेता आला असता. आणि मग साहेब त्यातलं चुकीचं काढायला बसले.

विद्यापीठात दर सहा महिन्यांनी प्रगती समिती बसते. एक याचे गाइड, स्वभावाने लोण्यासारखे, सगळ्यांच्याच हो ला हो. दुसऱ्या विभागप्रमुख बाई. तिसरे संख्याशास्त्राचे सर, ते प्रबंध तळहातावर घेऊन कलिंगडासारखा जोखतात. वाचत कुणीच नाही. पहिल्या खेपेला सरांचा हात खाली गेला, 'समाधानकारक' शेरा मिळाला. पुढच्या खेपेला प्रबंध निम्मा. बाईंनी विचारलं, बाकीचा कुठे गेला? हा म्हणाला, चुकीचा होता, काढला. त्यावर बाई म्हणाल्या, "चुकीची असली तरी प्रगती होती ना ती." आणि मारला 'असमाधानकारक' शेरा.

असे लागोपाठ दोन शेरे मिळाले की नाव कमी होतं. वसतिगृहाची खोली सोडायची आणि बाडबिस्तरा घेऊन माझ्या सोफ्यावर यायचं. पोरावर माझा जीव आहे, पण दुपारची मी त्या सोफ्यावर पडते. म्हणून मी त्याला समजावलं, की बाबा, काढलेलं परत घाल, अक्षरं मोठी कर, समास रुंद ठेव, कोण बघतंय. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "नको."

समितीच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी बहिणीने मला सोबत धाडलं. मी बाहेर बाकावर बसले. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, त्यात माझा काय दोष?

यानं टेबलावर एक कागद ठेवला. एकच. संख्याशास्त्राच्या सरांनी सवयीने तळहातावर घेतला, हाताला काही लागेचना. शेवटी नाइलाजाने बिचाऱ्यांनी वाचला. मोठ्यानं. पुढे काय मिळतंय हे माहीत नसलं तरी माणूस रांगेतून हलत नाही, कारण तोवर त्याच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलेलं असतं, असं काहीसं होतं.

बाई म्हणाल्या, हे मला पटत नाही, मी अशी कधीच थांबले नाही. सरांनी विचारलं, मग विभागप्रमुख व्हायला किती वर्षं थांबलात? झालं, जुंपली. याला पुरावा काय, अपवाद नाहीत का, एकट्याची रांग असते का. इतकी वर्षं मान डोलावणारे गाइडही टेबलावर हात आपटून म्हणाले की मला हे पहिल्यापासून खटकत होतं. मला हसू आवरेना.

त्या समितीचा नियम असा, की सभासद जे बोलेल ते लिपिकेने उतरवायचं आणि विद्यार्थ्याच्या कामाला जोडायचं. ती बिचारी लिपिका लिहितेय, पानामागून पानं. चहा आला, निवला, साय धरली. अखेर दमून सगळे गप्प झाले, तेव्हा सरांनी तो गठ्ठा तळहातावर घेतला. हात खाली गेला.

"वजन आहे," ते म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि 'समाधानकारक' लिहून सही केली.

हा बाहेर आला तो तोंड पाडून. एवढा गठ्ठा छातीशी धरलेला. मी म्हटलं, अरे सुटलास की, आता कसलं सुतक धरलंयस?

"मावशी, यात माझं एकच पान आहे."

"बाकीच्यांचं तेवढं तरी असतं का रे?"

वसतिगृहाच्या फाटकापर्यंत मीच बोलत होते, आणि पहिल्यांदाच त्यानं शेवटी ते सगळं एका वाक्यात आटोपलं नाही.