पौषातला शॅम्पू

सापगावच्या कुंडलिकची मुलगी प्रमिला कल्याणच्या कॉलेजात एमबीए करत होती. २००६ साली तिला एका परदेशी कंपनीत मार्केटिंगची दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. बरोबरच्या मुलांना मॉलमधली कामं मिळाली. प्रमिलाच्या हातात मात्र तिच्या वरच्या सुरेंद्र साहेबांनी एक तक्ता ठेवला. कंपनीची एक रुपयाची शॅम्पूची काळी पुडी मुरबाड तालुक्यात वर्षभर बेताने खपायची, आणि जानेवारी आला की एकाएकी चौपट. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू तिकडचीच ना? शोधून काढ," साहेब म्हणाले.

प्रमिला शहापूरकडची, मुरबाडात तिचं नात्याचं कुणी नव्हतं. पण कोडं तिला आवडलं. कोंबडी चोरून अंडं कुठे घालते ते बघायला लहानपणी अर्धा दिवस गवतात दडून बसणारी पोर ती.

छापील फॉर्म घेऊन ती म्हसा गावाजवळच्या पाड्यांतून फिरली. "आठवड्यातून किती वेळा केस धुता?" असं विचारलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तीन दिवस गेले, हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी ती पाड्यावरच्या ताराबाईच्या दुकानाशी टेकली होती. एक म्हातारा आला आणि त्याने काळ्या रंगाच्या वीस पुड्या मागितल्या. डोक्यावर केस म्हणाल तर मूठभर!

प्रमिला त्याच्या मागोमाग निघाली. ओढ्यात दोन बैल उभे होते. म्हाताऱ्याने, नवसू त्याचं नाव, पुड्या फोडल्या आणि त्यांच्या पाठीवर फेस काढायला घेतला. पलीकडे आणखी तीन जोड्यांची तीच आंघोळ चालली होती. म्हशाची पौषातली जत्रा, गुरांचा मोठा बाजार, चार दिवसांवर आलेली. विकायचा बैल चकाकायला नको?

"पण काळीच पुडी का, बाबा?"

"ही डोळ्यात झोंबत नाय गो."

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सुरेंद्र साहेब म्हणाले, "बैल वगळ. आपलं हसं होईल." हसतील ते नवसूलाही, हे प्रमिलाला कळत होतं. पण बैल वगळले तर उत्तरात उरतं काय? तिने बैल ठेवले. सगळे हसलेच. लंडनहून आलेल्या मुख्य बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, "बैल बोलत नाही. मग झोंबत नाही, हे त्या माणसाला कसं कळलं?"

प्रमिलाने फॉर्म चाळले. हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

रविवारी ती पुन्हा पाड्यावर गेली. प्रश्न ऐकून नवसू लाजला.

"दुकानात चार रंगाच्या पुड्या व्हत्या. चारी आधी माझ्याच डोळ्यात घालून बगितल्या. बैल मालकाचा, आनि मुका जीव. तो कोनाला सांगनार?"

"अहो, झोंबलं असेल की!"

"तीन झोंबल्या. लाल पुडीनं तर दोन दीस मला नीट दिसला नाय."

प्रमिलाने ते बोलणं अहवालात त्याच्याच शब्दांत लिहिलं आणि खाली इंग्रजीत अर्थ दिला. पंधरा दिवसांनी लंडनच्या बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं: आपली लाल पुडी तपासायला पाठवली आहे, त्या गृहस्थांचे डोळे आता कसे आहेत?