धुऱ्यावरचं मोहाचं झाड

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. बापाच्या शेतातला माझा हिस्सा मी त्याला सोडून दिला आणि त्याबदल्यात धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड माझं राहील, असा शब्द त्याने दिला होता. यंदा धान निघाल्यावर त्याने ते झाड पाडलं. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही.

मी भोळी बाई नाही. डोक्यावर चिंचेची टोपली घेऊन अड्याळच्या बाजारात बसायला लागले, तेव्हा तराजूसुद्धा दुसऱ्याचा होता. आज लाखनीला हायवेला लागून माझं स्वतःचं दुकान आहे. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या किमतीला मी आजवर कधी हो म्हटलेलं नाही. बाजारात एक गिऱ्हाईक वैतागून म्हणाला होता, "बाई, तू तं यमासंगही भाव करशीन."

"करीन ना," मी म्हटलं. "पयले म्हणीन, रेड्याचे दात दाखव."

अशी मी, आणि हक्कसोडीच्या कागदावर एक ओळ वाढवून घेतली नाही. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, भाऊ लुगडं नेसवतो, सगळे मिळून जेवतात. त्या दिवशी जी बहीण अटी घालते, तिला माहेरचं दार पुढे अर्धंच उघडतं. म्हणून मी झाड तोंडी मागितलं. त्यातही माझी अक्कल होतीच. शेत मागितलं असतं तर माहेर तुटलं असतं. झाड मागितलं तर दरवर्षी चैतात यायला कारण राहणार होतं. भाऊ हसला. "एवढंच? घे ना बाई, मोह तुहाच." सौदा मीच जिंकला, असं वाटलं होतं मला.

चार वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून तो दुकानामागच्या खोलीत खाटेवर आहे आणि मीही तिथेच आहे. खोलीला खिडकी आहे, ती भिंतीकडे उघडते. ट्रक गेला की मांडणीवरची ताटं वाजतात. त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटते. पुढे गिऱ्हाईक, मागे तो, मध्ये एक पडदा. आठवडी बाजार सुटले, लग्नंकार्यं सुटली. चार वर्षं मी त्या पडद्याच्या इकडून तिकडे करते आहे. मी त्याच्यावर ओरडते, हे लपवत नाही. एकदा तो तोंड उघडेना, म्हणून पेजेची वाटी भिंतीवर मारली. मग भिंत पुसली, पुन्हा पेज केली.

या सगळ्यात चैतातले पंधरा-वीस दिवस तेवढे माझे असत. पहाटे शेजारची म्हातारी त्याच्याजवळ येऊन बसे आणि मी स्कूटी काढे. माहेर पंधरा मिनिटांवर. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायचा असतो, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसतं. त्या काळ्या राखेवर पिवळट फुलं टपटप पडत. वाकून वेचायची. बोटं चिकट होत, डोक्यात तो गोड, जडसर वास भरे. कधी पाठीवर फूल पडे, कधी मुंगी चावे. वर एखादा पक्षी भांडत असे आणि त्याच्याशी मला काही देणंघेणं नसे. झाडाशी घासाघीस करता येत नाही. टाकेल तेवढं घ्यायचं. तासभर माझा आवाज चढत नसे. कोणी नसताना मी तिथे रडलेही आहे, हे भावाला माहीत नाही.

परत आले की नवरा डावा तळहात उघडून वाट पाहत असे. मी त्यावर ओंजळीतली फुलं ठेवायची. तो हात नाकाशी नेई आणि त्याचा अर्धा ओठ हसे. चार वर्षांत त्याने स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट.

यंदा पाचोळा झाडायला खराटा घेऊन गेले, तर धुऱ्याच्या जागी सपाट माती आणि कडेला उपटलेला बुंधा. तशीच भावाच्या अंगणात गेले.

"मोह काहून पाडला रे, बाबू?"

"हार्वेस्टर वळत नोहोता बाई. त्या कोपऱ्यातला धान दरसाल हातानं कापा लागे."

"मले एक फोन नाही करता आला?"

"तू नाहीच म्हटली असती."

"म्हटलीच असती!"

"मंग कायले विचारू?" भावजय चहा घेऊन आली होती, ती तशीच आत फिरली. तो पुढे म्हणाला, "अन् कागदावर कुठं हाय तुहा मोह? फुलंच पायजे नं? पायलीभर आणून देतो."

मी खराटा फेकून मारला. त्याला लागला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मी घराबाहेर पडले नाही. फुलं पडायला लागली तेव्हा दुकानावर आलेल्या एका बाईकडून ताजी ओंजळभर घेतली, भाव न करता. नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. त्याने वास घेतला, मग माझ्या पायांकडे पाहिलं. दरवर्षी पाय राखेने काळे असत. यंदा स्वच्छ होते. त्याने हात तिरपा केला, फुलं खाली पडली. काय झालं, हे त्याने डोळ्यांनी विचारलं. मी दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून पडद्याबाहेर गेले. गिऱ्हाईक नव्हतं.

चैत संपायला अजून दिवस आहेत. उजाडलं की तो तळहात उघडतो.

बाबू, मला शेत नको, लुगडं नको, तुझी पायलीभर फुलंही नको. तू लाखनीला ये. त्याच्या खाटेशी बस आणि तो मोह कुठे गेला, हे तुझ्या तोंडाने त्याला सांग. मी पडदा बाजूला करून उभी राहीन.